सात मिनिटे मागे पडलेले घड्याळ

वही उघडण्याआधी हात धुवायचे, असा नेम होता. विश्रांतीच्या खोलीच्या कोपऱ्यात एक लहान बेसिन होते. त्याचा नळ घट्ट फिरायचा आणि बंद केल्यावरही बराच वेळ ठिबकत राहायचा. भिंतीपलीकडे एवढे मोठे धरण तुडुंब भरलेले आणि आपल्या नळाला करंगळीएवढी धार, यावर मिस्त्री रोज एकदा तरी बोलून घेत असे. तिने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून कोरडे केले आणि ती टेबलाशी बसली. आजचा तिसरा दिवस. अजून चार दिवस तिला याच खोलीत राहायचे होते. आठव्या दिवशी दुपारी तीन वाजता धरणाच्या दरवाज्यांच्या किल्ल्या तिच्या हाती येणार होत्या.

अकरा वर्षे ती या धरणावर काम करीत होती. त्यांतली शेवटची पाच उपप्रमुख म्हणून. प्रमुख आता निवृत्त होत होते. त्यांना सगळे थोरले म्हणत. त्यांच्या जागी तिची नेमणूक झाल्याचे पत्र वरून आले होते, पण या धरणावर पत्राने कोणी प्रमुख होत नसे. आधी सात दिवस वेगळे राहून चुकांची वही स्वतःच्या हाताने उतरवून काढावी लागे.

ही वही धरणाच्या पहिल्या प्रमुखांनी सुरू केली होती. जो चुकेल त्याने आपली चूक आपल्या हाताने तीत लिहायची, आणि लिहिलेल्या चुकीवरून त्याला कोणी बोलायचे नाही. नक्कल करण्याचा नेमही त्यांचाच. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी त्यामागचा विचार बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात मांडला होता, आणि ते पान तिने पहिल्याच दिवशी उतरवले होते. त्यांचा हिब्रू शास्त्राचा अभ्यास होता. त्या शास्त्रात राजाला सांगितले आहे की, गादीवर बसल्यावर नियमांची प्रत त्याने स्वतः लिहून घ्यावी आणि जन्मभर वाचीत राहावी, म्हणजे आपण आपल्या भावंडांहून वरचे आहोत असे त्याच्या मनात येणार नाही. याजकांना सांगितले आहे की, कामाला लागण्यापूर्वी सात दिवस देवाच्या मंडपाच्या दाराशी थांबून राहावे. आणि सगळ्यांत मोठ्या याजकाला सांगितले आहे की, लोकांच्या पापांसाठी उभे राहण्याआधी स्वतःच्या पापाचे अर्पण द्यावे. त्याखाली पहिल्या प्रमुखांनी आपले एक वाक्य जोडले होते: धरणावर उभा असलेला माणूस खाली राहणाऱ्यांपेक्षा काहीही न करता उंच असतो, म्हणून त्याला हे सर्वांत जास्त लागू आहे. म्हणून प्रतीच्या शेवटच्या पानावर नव्या प्रमुखाने स्वतःची एक चूक लिहावी, आणि ती सर्वांसमोर मोठ्याने वाचली जावी.

दुपारी दारावर टकटक झाली. थोरले स्वतःच चहाचे दोन पेले घेऊन आले होते.

"किती नोंदी झाल्या?"

"एकशे दहा."

"हात दुखतोय ना? माझा तर सातव्या दिवशी चमचा धरवेना." ते खुर्ची ओढून बसले. वहीकडे त्यांनी पाहिले नाही. "शेवटच्या पानाचं काय ठरवलंस?"

"अजून काही नाही."

"अगं, ग्रीसचं लिही की. दरवाज्याच्या साखळीला ग्रीस लावायचं राहिलं. मी तेच लिहिलं होतं. माझ्या आधीच्यांनीही तेच. आता तर लोक वाटच बघतात, ग्रीस आलं की हसतात, टाळ्या वाजवतात, किल्ल्या घ्यायच्या आणि कामाला लागायचं."

"तुमचं खरंच राहिलं होतं?"

"धरणावर जन्म काढलेल्या माणसाचं एकदा तरी ग्रीस राहतंच. त्यात खोटं काय?" ते हसले. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "नम्रपणालाही एक मर्यादा असते, पोरी. माणसांना प्रमुख हवा असतो. त्याच्या जखमा नको असतात."

ते गेल्यावर ती पुन्हा लिहू लागली. एकशे एकोणीस. एकशे वीस. मिस्त्रीने एकदा उलट्या बाजूने पाना फिरवून बोल्ट तोडला होता. कोणीतरी पाण्याच्या पातळीचा आकडा एक हात चुकीचा वाचला होता. मग पान उलटल्यावर तिची बोटे शिलाईपाशी थांबली. तिथे एक पट्टी होती, बोटभर रुंदीची, वरपासून खालपर्यंत सरळ कापलेली. त्या कापलेल्या पानावर काय होते हे या धरणावर दोनच माणसांना ठाऊक होते.

नऊ वर्षांपूर्वी वरचे अधिकारी पाहणीला आले होते. दरवाजा उचलण्याचा क्रम ठरलेला होता: दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन भोंगे, आणि तिसऱ्या भोंग्यानंतर आणखी दहा मिनिटांनी दरवाजा. तेवढ्या अवधीत काठरक्षकाने खालच्या खडकांवरून फिरून, कोणी असेल त्याला वर पाठवून, स्वतः वर यायचे. त्या दिवशी तिसरा भोंगा दोन वाजून वीस मिनिटांनी झाला. यंत्रघरात ती एकटी होती. अडीचच्या सुमारास पाहुणे कठड्यापाशी येणार होते, आणि दरवाजा पुरता उचलून पाण्याला पूर्ण जोर यायला सहा-सात मिनिटे लागतात. पाहुणे येतील त्या क्षणी समोर पांढरी भिंत कोसळताना दिसावी, असे तिला वाटले. कोणी सांगितले नव्हते. दोन तेवीसला तिने बटण दाबले, आणि नोंदवहीत दोन तीस लिहिले.

पाहुण्यांनी कठड्यावरून वाहवा केली. काठरक्षक खालच्या खडकांवर होता. पाण्याने त्याला दोन दगडांच्या मध्ये नेऊन आपटले. जीव वाचला, उजवा गुडघा मात्र पुन्हा कधी वाकला नाही.

त्याच संध्याकाळी तिने चुकांच्या वहीत सारे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान तिथे नव्हते. थोरल्यांनी काही सांगितले नाही, तिने विचारले नाही. चौकशीच्या अहवालात लिहिले गेले की काठरक्षकास वर येण्यास विलंब झाला. त्याला बसून करायचे काम म्हणून भोंग्याच्या खोलीत नेमले, आणि महिन्याभरात त्याला एक नाव पडले: सावकाश. ते कोणी दुष्टपणाने ठेवले नव्हते. "सावकाश आले का?" "सावकाशकाकांना विचार." तोही हसत ओ देत असे. तीही त्याला नऊ वर्षे सावकाशकाका म्हणत आली होती.

तिने ती पट्टी अंगठ्याने सपाट केली, पुढचे पान उलटले आणि एकशे एकविसावी नोंद उतरवायला घेतली. वहीत जे आहे ते उतरवायचे, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. पट्टीवर काही लिहिलेले नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी सावकाशकाका आले. ते येताना लांबूनच कळत. सिमेंटच्या जमिनीवर एक पाऊल पडे आणि दुसरे घासत येई.

"मॅडम, आत येऊ का? नेमात बसतं ना?"

"या, बसा सावकाशकाका."

"बसलो की उठायला अर्धा तास. उभाच बरा." त्यांनी भिंतीला टेकून पाय सरळ सोडला. "एक विचारायचं होतं. तुम्ही सगळी वही बघताय म्हणून. माझी नोंद आली का हो वाटेत?"

"कसली नोंद?"

"त्या दिवसाची. माझ्या चुकीची." त्यांनी खिशातून एक जुने मनगटी घड्याळ काढले. पट्टा नव्हता, काचेच्या आत पाण्याचा पिवळट डाग होता. "हे बघा. दोन सव्वीसला बंद पडलंय. पाणी अंगावर आलं तेव्हा. आता दरवाजा उचलला अडीचला. पाणी खडकांपर्यंत यायला तीन मिनिटं. म्हणजे तेव्हा दोन तेहतीस झाले होते, आणि हे साहेब दाखवत होते सव्वीस. सात मिनिटं मागे. त्या सकाळी मी ते लावून घेतलं नव्हतं. मी याच्या भरवशावर खाली राहिलो. म्हटलं, अजून वेळ आहे, पलीकडे कोणी जाळं घेऊन बसलंय का बघून येऊ."

पेनाचे टोपण बंद करण्याचा तिने प्रयत्न केला, ते आट्यांत बसेना.

"थोरल्यांना मी चार वेळा म्हटलं, मला वहीत लिहू द्या. घड्याळ लावून न घेता कामावर आलो, असं. ते म्हणतात, जाऊ दे, झालं ते झालं. मोठ्या मनाचा माणूस. पण मला बरं वाटत नाही, मॅडम. सगळ्यांच्या चुका आहेत वहीत, आणि माझीच तेवढी नाही. जसा काही मी शहाणाच. तुम्ही प्रमुख झालात की मला लिहू द्याल?"

"सावकाशकाका..."

"आत्ता नको. तुमचे सात दिवस होऊ द्या." ते दाराशी जाऊन वळले. "भोंग्याच्या खोलीत आता तीन घड्याळं आहेत, ठाऊक आहे ना? तिन्ही रोज सकाळी रेडिओवर लावतो. घरी बायको म्हणते, कामावर तीन, घरात दोन, वेळ मात्र कधीच नाही." आणि ते आपल्याच बोलण्यावर हसत, पाय घासत गेले.

त्या दिवशी तिने सहाच पाने उतरवली. त्यांतल्या दोन पानांवर तिने एकच ओळ दोनदा लिहिली होती. ती पाने तिला पुन्हा लिहावी लागली.

सहाव्या दिवशी दुपारी तिचा नवरा धुतलेले कपडे आणि डबा घेऊन आला. तो शाळेत भूगोल शिकवीत असे, आणि कोणतीही गोष्ट ऐकताना आधी तिचा नकाशा काढावा तसे प्रश्न विचारीत असे. तिने त्याला दारे बंद करून सगळे सांगितले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो बराच वेळ डब्याच्या झाकणावर बोट फिरवीत राहिला.

"मलाही नाही सांगितलंस," तो म्हणाला.

"नाही."

"आणि आता सगळ्यांना एकदम सांगणार."

"अजून ठरलेलं नाही."

"ठरलंय. तुझा चेहरा मी ओळखतो." त्याने झाकण बाजूला ठेवले. "राग नको मानूस. तू वाचून दाखवशील आणि मोकळी होशील. पण पान तू कापलं नाहीस, थोरल्यांनी कापलं. तुला वाचवायला कापलं. निवृत्तीच्या दिवशी त्या माणसाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं? याला नम्रपणा म्हणतात?"

"त्यांचं नाव मी लिहिणार नाही."

"लोक काय मूर्ख आहेत? वहीचं कपाट कोणाकडे असतं?" तो थांबला. "आणि सावकाशकाका. त्यांनी ते पचवलंय. आपलीच चूक म्हणून का होईना, त्यांचा हिशेब लागलाय. तू तो मोडणार. त्यांना बदल्यात काय देणार? गुडघा?"

ती खिडकीपाशी गेली. तिथून खालचे खडक दिसत. आज कोरडे, राखाडी, उन्हात तापलेले. तिकडे पाहतच ती म्हणाली, "ते माझ्याकडे परवानगी मागायला आले होते. स्वतःची चूक लिहायची परवानगी. माझ्याकडे."

जाताना नवऱ्याने मळके कपडे पिशवीत भरले, आणि दारात थांबून, "डबा खाऊन घे. उपाशीपोटी काही ठरवू नकोस," एवढेच म्हणाला.

सातव्या दिवशी शेवटची नोंद दुपारपर्यंत उतरून झाली. एक पान उरले. तिने उठून पुन्हा हात धुतले, गरज नसताना. आधी तिने एका कागदावर ग्रीसचे वाक्य लिहून पाहिले. ते चांगले दिसत होते. साधे, थोडे हसू आणणारे. एखाद्या बाईने समारंभाला घालावा तसा बेताचा दागिना. तिला आठवले की त्या दिवशी यंत्रघरात बटणावर अंगठा ठेवतानाही तिला नेमके हेच हवे होते, समोरच्यांना चांगले दिसावे. तिने तो कागद चुरगाळला. मग तो टोपलीत टाकण्याऐवजी खिशात ठेवला, कारण टोपली मिस्त्री रिकामी करीत असे, आणि अशाही क्षणी आपल्याला हे सुचते याची तिला लाज वाटली. शेवटचे पान लिहायला तिला दहा मिनिटे लागली. नऊ वर्षांपूर्वीचे शब्द तिला अजून पाठ होते.

आठव्या दिवशी तीन वाजता यंत्रघरात सगळे जमले. वीस-बावीस माणसे होती. कोणी यंत्राच्या चौथऱ्यावर, कोणी पायऱ्यांवर. भिंतीवर जलाशयाच्या पातळीचा आकडा दर मिनिटाला बदलत होता, आणि चार वाजता तीन नंबरचा दरवाजा उचलायचा हे फळ्यावर सकाळीच लिहिलेले होते. सावकाशकाका दाराजवळच्या स्टुलावर पाय लांब करून बसले होते. साडेतीनला त्यांना पहिला भोंगा द्यायचा होता.

थोरल्यांनी पहिले पान वाचले. त्यांचा आवाज चांगला होता, आणि राजाने आपल्या हाताने प्रत लिहावी हे वाक्य त्यांनी सावकाश, एकेक शब्द वेगळा करीत वाचले. मग मधली पाने अंगठ्याखालून सोडून त्यांनी शेवटचे पान उघडले. त्यांची नजर पानावरून खाली गेली आणि पुन्हा वर आली. तिला त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती.

"नव्या प्रमुखांची चूक," ते म्हणाले. "कामाच्या पहिल्या वर्षी तीन नंबरच्या साखळीला ग्रीस लावायचे माझ्याकडून राहून गेले."

"आलं रे, ग्रीस आलं!" मिस्त्री ओरडला. हशा पिकला, टाळ्या झाल्या. कोणीतरी म्हणाले, "मॅडम, आता तरी ते मिस्त्रीकडून लावून घ्या." थोरल्यांनी वही मिटली आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला. त्यांचा हात तिच्यासमोर आला. त्यांच्या डोळ्यांत धाक नव्हता. विनवणी होती, आणि ती पाहून तिला क्षणभर खरोखरच वाटले की किल्ल्या घ्याव्यात. खोटे तिने लिहिलेले नव्हते, तिने उच्चारलेले नव्हते. हात पुढे करायचा, एवढेच बाकी होते.

"थोरले, तसं लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, पुरे आता."

"तसं लिहिलेलं नाही."

हशा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत विझत गेला. तिने वही ओढून घेतली आणि उघडली. तिचा आवाज थोरल्यांसारखा नव्हता. पहिली ओळ तिला दोनदा वाचावी लागली.

"नऊ वर्षांपूर्वी पाहणीच्या दिवशी तिसरा भोंगा दोन वीसला झाला. दरवाजा दोन तीसला उचलायचा होता. मी तो दोन तेवीसला उचलला. पाहुणे कठड्याशी येतील तेव्हा पाणी पूर्ण जोराने पडताना दिसावे, याखेरीज दुसरे कारण नव्हते. नोंदवहीत मी दोन तीस लिहिले. काठरक्षक खाली होते. त्यांना उशीर झालेला नव्हता. हे मी त्याच संध्याकाळी चुकांच्या वहीत लिहिले. ते पान वहीत राहिले नाही, आणि ते का राहिले नाही हे मी नऊ वर्षे विचारले नाही. त्यांना ज्या नावाने सगळे हाक मारतात त्या नावाने मीही हाक मारीत राहिले."

तिने वही उघडीच टेबलावर ठेवली. भिंतीवरचा आकडा बदलला.

"दोन तेवीस?" दाराजवळून प्रश्न आला.

"हो."

"नक्की?"

"यंत्रघरातल्या घड्याळाकडे बघून दाबलं. तेवीस."

स्टुलावर बसलेल्या माणसाने खिशातले घड्याळ काढून तळहातावर ठेवले. त्याचे ओठ हलत होते. "तेवीस. आणि तीन." त्याने काचेवरून अंगठा फिरवला. "सव्वीस." मग त्याने मान वर केली, पण कोणाकडेच पाहिले नाही. "म्हणजे घड्याळ बरोबर होतं."

मिस्त्रीने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"म्हणून तुम्ही मला लिहू देत नव्हता," ते थोरल्यांना म्हणाले.

थोरल्यांनी किल्ल्या वहीवर ठेवल्या. "काय लिहू दिलं असतं तुला?" ते अगदी हळू म्हणाले. "खोटं? वहीत मी कधी खोटं येऊ दिलं नाही."

"नाही, ते खरं आहे," स्टुलावरचा म्हातारा म्हणाला, आणि त्यात उपरोध नव्हता, म्हणून ते ऐकायला अधिक कठीण गेले. "वहीत नाही आलं."

तिला पुढे होऊन काही म्हणायचे होते. क्षमा हा शब्द तिच्या तोंडाशी आला, पण आता तो मागणे म्हणजे त्या माणसावर आणखी एक काम टाकणे होईल असे वाटून ती जागीच उभी राहिली. सकाळपासून तिच्या मनात कुठेतरी हे होते की खरे बोलून झाले की हलके वाटेल. तसे काही वाटले नाही.

"तीन पंचवीस झाले," स्टुलावरून ते म्हणाले. भिंतीला धरून उठले. टेबलापर्यंत आले, वहीवरचा किल्ल्यांचा जुडगा उचलून खिशात घातला आणि वळले. मिस्त्री दार धरायला धावला, त्याच्या तोंडून सवयीने "साव..." एवढे निघाले आणि तो गप्प झाला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले. सिमेंटवर एक पाऊल, मग एक घासलेले पाऊल, असा आवाज लांबत गेला.

माणसे एकेक करून उठली आणि आपापल्या जागी गेली, कारण चार वाजता दरवाजा उचलायचाच होता. थोरले खुर्चीवर बसूनच होते. तिने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. "मी तुझ्यासाठी केलं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःलाच विचारावे तसे, "तुझ्यासाठीच ना?"

पहिला भोंगा साडेतीनला झाला. दुसरा दहा मिनिटांनी. तिसरा झाला तेव्हा ती धरणाच्या माथ्यावर तीन नंबर दरवाज्याच्या बटणाच्या फलकासमोर उभी होती. कुलपाची चकती बंद होती. त्या अपघातानंतर बटण यंत्रघरातून इथे आणून कुलपाखाली ठेवले होते, आणि किल्लीशिवाय ते चालत नसे. नवा काठरक्षक खडकांवरून वर आला आणि त्याने दुरून हात केला. चार वाजले. पाणी ठरवलेल्या रेषेला टेकले होते. मिस्त्री दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याने मनगट वर करून पाहिले, पण हाक मारली नाही. भोंग्याच्या खोलीपासून इथपर्यंत धरणाच्या माथ्यावरून दोनशे पावले होती. ते चालत येत होते. मध्ये दोनदा कठड्याशी थांबले, वाकून खाली पाहिले, आणि पुन्हा निघाले. तिला पुढे जाऊन किल्ल्या घ्याव्यात असे वाटले, आणि तिने तसे केले नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी ते पोहोचले. धाप लागली होती. त्यांनी जुडगा तिच्या हातात दिला नाही, तिच्या समोरच्या कठड्यावर ठेवला.

"आजच्यापुरत्या," ते म्हणाले. "काम झालं की माझ्या खोलीत आणून द्या. उद्याचं उद्या बघू."

"बरं."

"आणि ते पान मला वाचायला लागेल. स्वतः. मोठ्यानं नको."

"वही तुमच्याकडे पाठवते, काका." त्या शब्दाआधी नऊ वर्षे लागत आलेला दुसरा शब्द नव्हता, हे दोघांच्याही लक्षात आले.

तिने किल्ली फिरवली. फलकावर हिरवा दिवा लागला. अंगठा बटणाच्या वर नेऊन ती थांबली आणि म्हणाली, "उचलू?"

कठड्यावर दोन्ही कोपर टेकून ते खालच्या खडकांकडे पाहू लागले. डावीकडून उजवीकडे, मग जाळी टाकायला माणसे बसतात त्या पलीकडच्या कपारीकडे, मग पुन्हा डावीकडून.

"थांबा," ते म्हणाले.

ती थांबली.